वेळूला रागाचे आसन देणारा साधक : पन्नालाल घोष

मुरली म्हटली की आपल्या मनापुढे गोकुळ उभे राहते. कदंबातळी पाय दुमडून उभा असलेला गोपाळकृष्ण, त्याच्या ओठांवरची ती वेळूची कांडी आणि भोवती चरणे विसरून माना उंचावलेली गुरे, हे चित्र ज्या घराच्या भिंतीवर नाही असे घर आपल्या सभासदांत क्वचितच सापडेल. भगवंताच्या हाती असल्यामुळे ह्या वाद्यास आपण देव्हाऱ्यात स्थान दिले. परंतु त्याच वाद्यास हिंदुस्थानी रागसंगीताच्या बैठकीत अगदी अलीकडच्या काळापर्यंत स्वतंत्र आसन नव्हते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. दक्षिणेत शरभ शास्त्री, पल्लडम संजीव राव ह्यांसारख्या वादकांनी बासरीला कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाने बसविले होते. उत्तरेकडे मात्र ती गुराख्याच्या हाती, जत्रेच्या दुकानात, नाटकाच्या वाद्यमेळात आणि भजनाच्या साथीला असे. एकट्या बासरीवादकाने बैठकीवर बसावे, मागे तंबोरे लागावेत आणि त्याने एखादा राग घटका दीड घटका सावकाश उलगडून दाखवावा, ही कल्पनाच कोणी केली नव्हती.

ती कल्पना ज्यांनी केली आणि आपल्या अवघ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात खरी करून दाखविली त्या पंडित पन्नालाल घोष ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांस जाऊन साठांहून अधिक वर्षे लोटली. परंतु त्यांच्या बासरीच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. त्यांतील यमन व श्री ह्या दोन रागांचे वादन ज्याने एकदा शांतपणे ऐकले त्यास हे चरित्र परक्याचे वाटणार नाही.

पन्नालालबाबूंचा जन्म जुलै १९११ मध्ये पूर्व बंगालात बारीसाल येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. त्यांचे जन्मनाव अमलज्योती. घराण्यात संगीत होते. आजोबा हरिकुमार घोष हे जाणकार संगीतज्ञ होते व वडील अक्षयकुमार उत्तम सतार वाजवीत. पन्नालालबाबूंचे पहिले धडे घरीच सतारीवर झाले. बंगालचा तो मुलूख नद्या-नाल्यांचा. काठाकाठाने वेळूची बने, पाण्यावर नावा आणि नावाड्यांची गाणी. अशा ठिकाणी मुलाच्या हाती बासरी यावी ह्यात नवल नाही. त्यांच्याविषयी एक कथा अशी सांगितली जाते की, लहानपणी त्यांस शंख व बासरी बाळगणारा एक साधू भेटला. मुलाने बासरी वाजवून दाखविताच त्या साधूने ती त्याच्याच हाती ठेवली आणि संगीतातच तुझे कल्याण आहे असा आशीर्वाद देऊन तो निघून गेला. अशा कथा थोरांच्या चरित्रांत असावयाच्याच. आम्ही ती श्रद्धेने सांगतो. परंतु पुढे जे घडले ते साधूच्या प्रसादाइतकेच त्यांच्या स्वतःच्या कष्टांचे फळ होते हे विसरून चालणार नाही.

तरुणपणी त्यांस व्यायामाचा मोठा नाद होता. लाठी, कुस्ती, मुष्टियुद्ध ह्यांत ते तयार झाले. त्या काळच्या बंगाली तरुणांप्रमाणे स्वातंत्र्याच्या चळवळीकडेही त्यांचा ओढा होता. आखाड्यात कमावलेले ते शरीर व ती छाती पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली. मोठ्या बासरीला लागणारा लांब, सम आणि न थरथरणारा श्वास दुबळ्या माणसाचे काम नव्हे.

बारीसाल सोडून ते कलकत्त्यास आले. तेथे न्यू थिएटर्स ह्या चित्रपटसंस्थेत, रायचंद बोराल ह्यांच्या वाद्यमेळात, त्यांस काम मिळाले. त्यांचा विवाह पारुल विश्वास ह्यांच्याशी झाला होता. पारुलबाई स्वतः चांगल्या गायिका होत्या आणि पुढे चित्रपटसंगीतात नावारूपास आलेले अनिल विश्वास हे त्यांचे बंधू. पन्नालालबाबूंचे धाकटे बंधू निखिल घोष ह्यांनी तबल्यात मोठे नाव मिळविले आणि मुंबईत संगीत महाभारती ही संस्था स्थापिली. अशा रीतीने घर सर्व बाजूंनी संगीताने भरलेले होते.

परंतु पन्नालालबाबूंच्या मनात एक टोचणी होती. बासरीवर गोड धून वाजविली की लोक माना डोलावीत, पण राग म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नसे. ह्यात लोकांचाच दोष होता असे नाही. तेव्हाची बासरी आखूड व चढ्या स्वराची होती. तिचा आवाज पातळ, खर्जाचे स्वर तिच्यात नाहीत, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी मींड, जिच्यावाचून ख्यालगायकी उभीच राहत नाही, ती तिच्यावर नीट निघत नसे. गवयी ज्या गांभीर्याने दरबारी किंवा यमन मांडतो ते गांभीर्य ह्या कांडीत मावणारे नव्हते. तेव्हा प्रश्न वादकाचा नव्हता, वाद्याचाच होता. पन्नालालबाबूंनी तो मुळापासून सोडवावयाचे ठरविले.

त्यांनी निरनिराळ्या लांबीच्या व जाडीच्या बासऱ्या करून पाहिल्या. वेळूशिवाय धातू वगैरे इतर वस्तूंच्याही नळ्या त्यांनी तपासल्या आणि शेवटी वेळूच श्रेष्ठ असा निर्णय केला. अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर सुमारे ३२ इंच लांबीची, रुंद पोकळीची बासरी त्यांनी सिद्ध केली. हिचा आवाज खोल व भरदार, पुरुषाच्या कमावलेल्या गळ्यासारखा. छिद्रे इतकी दूरदूर की बोटांची टोके पुरत नाहीत. बोटे पसरून त्यांच्या पेरांनी ती झाकावी लागतात. खर्जात आणखी खाली उतरावयाचे झाल्यास ते ह्याहूनही लांब बासरी हाती घेत.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. बासरीला बोटांची छिद्रे सहा असतात. ह्या सहा छिद्रांत एक मोठी अडचण दडलेली आहे, आणि ती समजून घेतल्याखेरीज पन्नालालबाबूंच्या कामाची थोरवी ध्यानात यावयाची नाही. वरची तीन छिद्रे झाकली म्हणजे षड्ज लागतो. एकेक बोट उचलीत गेले की रिषभ, गंधार असे स्वर येतात. सहाही छिद्रे मोकळी केली म्हणजे तीव्र मध्यम. आता त्याच्या लगतचा स्वर पंचम. परंतु तो काढण्यासाठी सहाही छिद्रे एकदम झाकून फुंकीचा जोर वाढवावा लागतो. म्हणजे शेजारी शेजारी असलेल्या ह्या दोन स्वरांमध्ये वादकाच्या हातापुरती जणू दरी आहे. एका बाजूस सर्व बोटे वर, दुसऱ्या बाजूस सर्व बोटे खाली. मग ह्या दोहोंमधून अखंड मींड काढावी कशी? आणि यमन, श्री ह्यांसारख्या रागांत तर तीव्र मध्यम हा प्राणच आहे.

पन्नालालबाबूंनी खालच्या बाजूस करंगळीसाठी सातवे छिद्र पाडले. सातही छिद्रे झाकली म्हणजे मंद्र पंचमाच्या खालचा तीव्र मध्यम मिळू लागला आणि जोराच्या फुंकीने तोच स्वर वरच्या सप्तकातही निघू लागला. आता करंगळी हलकेच उचलली की तीव्र मध्यमावरून पंचमावर सूर न तुटता सरकतो. एका लहानशा छिद्राने ती दरी बुजली. ज्यांनी आयुष्य यंत्रांच्या सहवासात काढले आहे असे आमचे वाचक ह्या सुधारणेचे मोल चटकन ओळखतील. नेमके कोठे अडते आहे हे ज्यास कळले त्यास उपायही सापडतो, हा अनुभव मागावर काम करणाऱ्या कोणासही नवा नाही.

वाद्य सिद्ध झाले, परंतु विद्या? ती गुरूवाचून कोठून येणार? १९३६ च्या सुमारास पन्नालालबाबूंनी खुशी मोहंमद खाँ ह्यांचे शिष्यत्व पत्करले. खाँसाहेब हार्मोनियमचे मोठे वादक होते. बासरीचा गुरू मिळत नाही म्हणून पन्नालालबाबू अडून बसले नाहीत. रागाची विद्या ज्याच्याजवळ आहे तो गुरू, मग त्याचे वाद्य कोणतेही असो, असा त्यांचा विचार होता. खाँसाहेबांच्या निधनानंतर ते गिरिजाशंकर चक्रवर्ती ह्या नामवंत गवयांकडे शिकले. १९३८ मध्ये सरायकेला संस्थानच्या छाऊ नृत्यपथकाबरोबर त्यांनी युरोपचा प्रवास केला आणि तेथील श्रोत्यांस आपली बासरी ऐकविली.

१९४० मध्ये ते मुंबईस आले व मालाड येथे राहू लागले. स्नेहबंधन हा त्यांचे संगीत असलेला पहिला चित्रपट त्याच वर्षीचा. १९४२ च्या बसंत ह्या बॉम्बे टॉकीजच्या गाजलेल्या चित्रपटास संगीतकार म्हणून त्यांचेच नाव आहे. त्यातील चाली मात्र मुख्यतः अनिल विश्वास ह्यांच्या होत्या. दुसऱ्या संस्थेशी करार असल्यामुळे त्यांस आपले नाव देता आले नाही. १९४३ च्या किस्मतमध्ये पारुलबाई गायिल्या आणि घरोघर ऐकल्या गेल्या. १९५१ चा आंदोलन हा पन्नालालबाबूंचा आणखी एक चित्रपट. १९५६ च्या बसंत बहार ह्या चित्रपटात लता मंगेशकर ह्यांच्या भैरवीतील गीताबरोबर जी बासरी वाजते ती पन्नालालबाबूंची. आमच्या वडील पिढीतील किती तरी जणांनी ती ऐकली असेल, परंतु वाजविणाऱ्याचे नाव विचारले नसेल. चित्रपटाच्या वाद्यमेळातील कलावंताचे नशीब बहुधा असेच.

नाव आणि पैसा ह्या दोहोंची वाट आता मोकळी होती. मनुष्य येथे थांबतो. पस्तिशी उलटलेली, संसार स्थिर झालेला, शहरात ओळख झालेली. ह्यापुढे जे येते आहे ते घेत राहावे, हाच सर्वांचा व्यवहार. पन्नालालबाबूंच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट आमच्या मते येथेच घडते. १९४७ मध्ये, देशभर ज्यांचे नाव झाले होते असा हा वादक पुन्हा शिष्य झाला. मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ ह्यांच्यापुढे त्यांनी गंडा बांधून घेतला आणि मैहरला राहून त्यांच्या हाताखाली तालीम घेतली. तुम्ही तर पुष्कळ जाणता, आणखी काय शिकणार, असे खाँसाहेबांनी प्रथम त्यांस म्हटले असे सांगतात. परंतु पन्नालालबाबूंनी आपण काहीच जाणत नाही अशा भावाने पदर पसरला आणि गुरूचे मन द्रवले.

हे अल्लाउद्दीन खाँ धर्माने मुसलमान आणि मैहरच्या डोंगरावरील शारदामातेचे निस्सीम उपासक. अली अकबर खाँ व अन्नपूर्णादेवी ही त्यांची मुले. रविशंकर हे त्यांचे शिष्य. त्यांच्या घरी शिस्त कडक व तालीम पहाटेपासून रात्रीपर्यंत. सरोद आणि सतार ह्या तंतुवाद्यांची ती विद्या. तिचा गंभीर आलाप, स्वर एकामागून एक सावकाश उलगडण्याची ती रीत पन्नालालबाबूंनी बासरीत उतरविली. कीर्ती मिळाल्यावर शिकावयास बसणे हे कीर्ती मिळविण्याहून अवघड आहे. आपल्याकडे मुलाने शाळा सोडली की शिक्षण संपले, हाताला धंदा लागला की कौशल्य पुरे झाले, असे समजण्याची रीत पडली आहे. तिला उत्तर म्हणून आम्ही ही हकीकत विस्ताराने सांगितली.

पन्नालालबाबूंची वृत्ती मुळात भक्ताची होती. रामकृष्ण मठाचे अध्यक्ष स्वामी विरजानंद ह्यांच्याकडून त्यांनी मंत्रदीक्षा घेतली होती. जपध्यान आणि रियाज ह्यांत ते भेद मानीत नसत. नूपुरध्वनी, चंद्रमौळी, दीपावली, पुष्पचंद्रिका अशी त्यांनी रचलेल्या रागांची नावे आहेत. नावांवरूनच रचणाऱ्याच्या मनाचा कल दिसतो.

१९५६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि दिल्लीस आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालकपद स्वीकारले. तेथे कलिंगविजय, ऋतुराज, ज्योतिर्मय अमिताभ अशा वाद्यरचना त्यांनी केल्या. आकाशवाणीमुळे त्यांची बासरी देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. हा क्रम आणखी वीस वर्षे चालला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. २० एप्रिल १९६० रोजी दिल्ली येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे देहावसान झाले. वयाची पन्नाशीही त्यांस गाठता आली नाही.

मागे राहिले शिष्य आणि ध्वनिमुद्रिका. मुंबईच्या त्यांच्या शिष्यांत देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड, निरंजन हळदीपूर ही नावे ठळक आहेत. मुर्डेश्वर हे त्यांचे जामातही होते. निरंजन ह्यांचे चिरंजीव नित्यानंद हळदीपूर पुढे अन्नपूर्णादेवींकडे शिकले. म्हणजे मैहरहून पन्नालालबाबूंनी जी गंगा आणली तिच्या उगमाकडे त्यांच्या शिष्याचा पुत्र पुन्हा जाऊन पोहोचला. त्यानंतरच्या काळात ह्या देशात बासरीला जी प्रतिष्ठा मिळाली, परदेशांतही तिचे जे कौतुक झाले, त्या सर्वांच्या पायाखाली पन्नालालबाबूंनी घडविलेली ती लांब वेळूची नळी आहे.

आता ध्वनिमुद्रिकांविषयी. जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे वादन मावत असे. एवढ्या वेळात रागाची ओळख होई, सहवास होत नसे. पुढे दीर्घ वादनाच्या तबकड्या आल्या आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. पन्नालालबाबूंचे यमन व श्री ह्या रागांचे वादन अशा दीर्घ तबकडीवर निघाले, म्हणूनच त्यांचा विलंबित विस्तार कसा होता हे आज आपणांस कळू शकते. हल्ली ते ऐकावयास तबकडीचीही आवश्यकता उरलेली नाही. घराघरांतील मोबाइलवर ते मिळते.

ह्या दोन रागांची जोडी आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. श्री हा सूर्यास्ताचा राग. रिषभ व धैवत कोमल, मध्यम तीव्र; रिषभावरून पंचमावर जाणारी त्याची मींड ऐकताना दिवस मावळण्याची ती हुरहूर लागून राहते. यमन हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. त्यात मध्यम तेवढा तीव्र, इतर सर्व स्वर शुद्ध. मन स्थिर करणारा, प्रसन्न. म्हणजे एक राग दिवेलागणीच्या आधीचा आणि दुसरा नंतरचा. दोहोंच्या मध्ये आपल्या मंदिरातील सायंकाळची आरती येते. यमन ऐकताना घाई करू नये. आरंभीचे खर्जातील स्वर किती खोलवरून येतात ते पाहावे. मग सूर जेथे तीव्र मध्यमावरून पंचमावर सरकतो तेथे कान द्यावा. त्या जागी करंगळीखालचे ते सातवे छिद्र आणि एका माणसाची अनेक वर्षे आहेत.

ह्या लेखाचा पांडेसऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आम्हांस तो फार जवळचा वाटतो. आमची वस्ती डाईंग-प्रिंटिंगच्या मिलांची. धुळे, नंदुरबार, जळगाव ह्या भागांतून पोटासाठी आलेली आमची कुटुंबे उधना-जळगाव ह्या लोहमार्गाने सुरतेस येऊन येथे स्थिरावली. दिवसपाळी व रातपाळी ह्यांच्या चक्रात, यंत्रांच्या आवाजात येथील माणसाचा कान बधिर होऊन जातो. ज्या खानदेशातून आम्ही आलो तेथे पाड्यापाड्यांवर पावरी वाजते, गुराख्याच्या हाती पावा असतो. आपल्या पूर्वेस असलेल्या डांगच्या जंगलात वेळूची बेटे आहेत. बासरी ही आम्हांस परकी वस्तू नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी ती वाजविली आहे. पन्नालालबाबूंनी नवे वाद्य आणले नाही. गरिबाच्या हातचे वाद्य उचलून तेच त्यांनी योग्यतेस चढविले.

यंत्रांत ज्याचा दिवस जातो त्याच्या घरी सायंकाळची वीस मिनिटे शांततेची असावीत, ही काही चैन नव्हे. आम्ही सभासद कुटुंबांस सुचवितो की, आठवड्यातून एक दिवस आरतीनंतर घरातील दूरदर्शन संच बंद ठेवून सर्वांनी एकत्र बसावे व हे यमनाचे वादन शेवटपर्यंत ऐकावे. लहान मुले प्रथम चुळबुळ करतील. त्यांस रागावू नये. तिसऱ्या-चौथ्या वेळी तीच आपण होऊन विचारतील की हा आवाज कशाचा, आणि मग त्यांस बारीसालच्या त्या मुलाची गोष्ट सांगावी.

तसेच जन्माष्टमीच्या दिवसांत आपण मुलांस बासरी घेऊन देतो, चार दिवस ती वाजते आणि मग माळ्यावर पडते. एखाद्या मुलाच्या हातून ती सुटत नाही असे आढळल्यास त्याच्या हट्टाकडे दुर्लक्ष करू नये. जाणकार शिक्षक पाहून द्यावा. तो बासरीचाच असला पाहिजे असेही नाही, हे आपण वर पाहिलेच. आणि ज्यांची वये चाळीस-पन्नास झाली आहेत त्या वडीलमंडळींनीही आपली वेळ गेली असे मानू नये. छत्तिसाव्या वर्षी, नाव मिळाल्यानंतर, पन्नालालबाबू गुरूपुढे हात जोडून बसले. गीतापठण असो, भजन असो, लिहिणे-वाचणे असो की हातचा नवा धंदा असो, शिकावयास बसण्याची लाज ज्याने टाकली त्यास अजून पुष्कळ मिळावयाचे आहे.

वेळू आतून पोकळ असतो म्हणूनच त्यातून सूर निघतो, असे आपले कीर्तनकार अनेकदा सांगतात. पन्नालाल घोष ह्यांनी ते आपल्या वागण्याने दाखविले. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.